नवे माध्यम आले की समाज का ढवळतो : सीमाभागातून पाहताना

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटचे ट्रक अडवून त्यांच्यावर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, आणि आठवडाभरात प्रकरण दिल्लीला पोहोचले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवले. त्या बैठकीनंतर जे जाहीर झाले, त्यातली एक गोष्ट सीमाप्रश्नाच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात नवी होती : बड्या नेत्यांच्या नावाने बनावट ट्विटर खाती उघडून त्यांवरून भडकाऊ मजकूर पसरवला गेला होता, आणि त्याबद्दल गुन्हे नोंदवण्याचे ठरले. वाद जुना, दोन्ही बाजूंच्या तक्रारी जुन्या, टोलनाकाही जुनाच. मग जी ठिणगी पूर्वी एखाद्या गावात विझली असती, ती दोन राज्यांत एकाच वेळी कशी पेटली?

अशा वेळी कट्ट्यावर एक उत्तर तयार असते : मोबाइलने पोरे बिघडवली. त्याने काहीच उलगडत नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली देशी भाषांतील वर्तमानपत्रांवर खास कायदा लादला, तोही याच समजुतीतून की माणसे मुळात शांत असतात आणि त्यांना छापील कागद चिथावतात. माध्यमाला दोष देणारे नेहमी असे गृहीत धरतात की माध्यम म्हणजे केवळ बातमी वाहून नेणारी गाडी, तीत वाईट माल भरला की वाईट परिणाम होतो. प्रत्यक्षात नवे माध्यम याहून खोल काहीतरी बदलते. कोणाला काय कळते, ते कोणाच्या आधी किंवा कोणाबरोबर कळते, आणि ते कोणाच्या हातून चाळून येते, ही सगळी व्यवस्थाच ते हलवते. पाटील, भटजी, गुरुजी, वार्ताहर, संपादक, पक्षाचा तालुकाध्यक्ष अशी चाळणीचे काम करणारी माणसे प्रत्येक काळात असतात. नवे माध्यम त्यांना वळसा घालून जाते, आणि नवी चाळणी तयार व्हायला मात्र एखादी पिढी, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. ज्याला आपण उलथापालथ म्हणतो, ती बहुतेक वेळा या मधल्या काळात घडते.

यंत्र आले की समाज आपोआप ढवळतो असे मात्र नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात १५५६ साली छापखाना आला. तो खरे तर अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायला निघाला होता. पण गोव्यातच राहिला आणि भारतातला पहिला छापखाना ठरला. पुढे १६१६ साली राचोल येथे थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे मराठी ओव्यांचा छापील ग्रंथ शिवछत्रपतींच्या जन्माआधीच तयार होता, आणि तरीही घाटावरच्या मराठी समाजावर त्याचा ओरखडाही उठला नाही. छापखाना चर्चच्या ताब्यात होता, लिपी घाटावर कोणाला वाचता येत नव्हती, आणि काय छापायचे हे ठरवणारे हात दोन-चारच होते. असाच दुसरा दाखला मिरजेचा. तिथे १८०५ साली मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. ही प्रत मुख्यतः दानासाठी होती, म्हणजे ज्यांच्या घरात गीता आधीपासूनच होती त्यांच्याच घरात ती आणखी एकदा गेली. प्रती वाढल्या, पण वाचणारा वर्ग तोच राहिला, त्यामुळे कोणाच्याही अधिकाराला धक्का लागला नाही.

याच्या उलट चित्र जर्मनीत दिसते. गुटेनबर्गने १४५० च्या दशकात माइन्झ शहरात सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली, तेव्हा चर्चला ती सोयीचीच वाटली. पापक्षालनाची प्रमाणपत्रे तेव्हा पैसे घेऊन दिली जात, आणि नाव भरायची जागा मोकळी सोडून ती शेकड्याने छापणे आता शक्य झाले. याच प्रमाणपत्रांच्या व्यवहारावर मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने १५१७ मध्ये आक्षेप घेतले, तेव्हा त्याच तंत्राने त्याचेही म्हणणे गावोगाव नेले. ल्यूथरच्या आधी चर्चवर टीका झाली नव्हती असे नाही. बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, यान हुस या धर्मोपदेशकाला १४१५ मध्ये अशाच मतांसाठी जिवंत जाळले होते. फरक असा की हुसची मते हाताने नकलून पसरत होती, आणि ल्यूथरची पत्रके दडपण्याइतका वेळ कोणालाच मिळाला नाही. पुढच्या सात-आठ वर्षांत शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे छापून वाटली, मोठे बंड झाले, आणि १५२५ मध्ये ते चिरडताना सुमारे एक लाख माणसे मारली गेली असा अंदाज आहे. त्याच छापखान्यांतून चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्यावर खटला कसा चालवावा याची पुस्तिकाही पुन्हा पुन्हा छापून निघत होती, हे सहसा सांगितले जात नाही. ज्ञान आणि अंधश्रद्धा या दोहोंसाठी शाई एकच होती, आणि कोणते पान कशाचे हे ठरवायला पंडित, संपादक, समीक्षक अशी फळी अजून उभी राहायची होती.

आपल्याकडे ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईत निघाले, १८४३ मध्ये मंगळूरहून ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र सुरू झाले. सीमाभागातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण आपल्या भागाचा मोठा गुंता याच काळात जन्मला, असे माझे मत आहे. छपाईला ठरावीक भाषा लागते. गावागणिक बदलणारी बोली, घरात मराठी आणि बाजारात कन्नड, शिवारात दोहोंची सरमिसळ, हे बोलताना चालते. खिळे जुळवताना, शाळेचे पुस्तक करताना आणि खानेसुमारीचा रकाना भरताना चालत नाही. तिथे एकच उत्तर द्यावे लागते. एकदा ते छापले गेले की आपल्यासारखेच उत्तर देणारे लाखो लोक दूरवर आहेत, हे प्रत्येकाला दिसू लागते. मुंबई इलाख्यातल्या कन्नड भागात शाळा आणि कचेऱ्यांत मराठीचे वर्चस्व होते. त्याला उत्तर म्हणून १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. १९५६ नंतर कर्नाटकात राहिलेल्या मराठी माणसाला जे सलते, ते साठ-सत्तर वर्षे आधी कन्नड माणसाला सलत होते, ही गोष्ट दोन्हीकडच्या सभांत क्वचितच ऐकू येते. भाषावार राज्य ही मागणी न्याय्य होती की नाही हा वेगळा विषय आहे. पण आपल्या भाषेचे अनोळखी लोक ‘आपले’ वाटू लागणे, हे छापील अक्षराशिवाय इतक्या मोठ्या प्रमाणावर घडले नसते.

आता यंत्रणेचा गाभा असलेली एक गोष्ट सावकाश पाहू. एखादी बाब प्रत्येकाला माहीत असणे वेगळे, आणि ती सर्वांना माहीत आहे हे सर्वांना माहीत असणे वेगळे. गावात एखादा अधिकारी पैसे खातो हे घरोघरी ठाऊक असते, पण दुसऱ्याला ते ठाऊक आहे का, तो आपल्याबरोबर उभा राहील का, याची खात्री नसते. म्हणून सगळे गप्प असतात. तीच गोष्ट भर चौकात दवंडी पिटून सांगितली की नवी माहिती कोणालाच मिळालेली नसते, तरी सगळे बदलते, कारण प्रत्येकाने इतरांना ऐकताना पाहिलेले असते. संताप बहुतेक वेळा आधीच साठलेला असतो. तो एकट्याचा नाही हे कळल्यावर तो रस्त्यावर येतो.

निपाणीच्या तंबाखूचे उदाहरण घ्या. व्यापारी भाव पाडतो, वजनात आणि प्रतवारीत नाडतो, वर पैसे महिनोन्महिने अडकवतो, हे प्रत्येक तंबाखू उत्पादकाला अनुभवाने ठाऊक होते. तरी वखारीत माल घालताना तो एकटाच असायचा आणि आपलाच माल हलका असेल असे मनाशी म्हणून परत यायचा. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बैलगाड्यांनिशी बसले तेव्हा प्रत्येकाची खाजगी तक्रार पहिल्यांदा सर्वांची झाली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी बळी पडले. हे घडवून आणायला तेव्हा गावोगाव बैठका आणि खूप पायपीट लागली होती. आज चिकोडी तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला कोल्हापूरकडच्या कारखान्याने पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती जाहीर केली हे त्याच संध्याकाळी मोबाइलवर दिसते, आणि ते आपल्या गटातल्या दोनशे जणांनीही पाहिले आहे हेही त्याच पडद्यावर दिसते. दुसऱ्या दिवशी ऊसतोड अडवायची की नाही हे रात्री अकरापर्यंत ठरलेले असते. तक्रारीपासून आंदोलनापर्यंतची वाट इतकी आखूड झाली की मधल्या काळात वाटाघाटी करणारा, समजूत घालणारा, आकडे तपासणारा माणूस पोहोचतच नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर यात फायदाही मोठा आहे, आणि तो नाकारणे खोटेपणाचे होईल.

रेडिओने ही एकाच वेळी कळण्याची शक्ती आपल्या भागाला फार कठोरपणे दाखवली. १६ जानेवारी १९५६ रोजी संध्याकाळी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्य पुनर्रचनेचे निर्णय जाहीर केले. मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असे त्यात होते. वर्तमानपत्राची बातमी गाडीने येते, एका गावाला आज आणि दुसऱ्याला उद्या कळते, वाचणारा ती ऐकणाऱ्यांना समजावून सांगतो, मधे चार शहाण्यांची मते पडतात. रेडिओवर असे काहीच मधे नव्हते. रेडिओ थोड्याच घरांत होते, पण जिथे होते तिथे माणसे जमून ऐकत, त्यामुळे ऐकणे आणि एकत्र असणे एकाच क्षणी घडत होते. मुंबईत लगेच दंगली उसळल्या, आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावात गोळीबार झाला. त्यात बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ सीमाभागात दरवर्षी हुतात्मा दिन पाळला जातो. रेडिओने हा संताप निर्माण केला नाही, तो निर्णयाने केला. पण तो सगळीकडे एकाच रात्री का पेटला याचे उत्तर रेडिओशिवाय देता येत नाही.

या चर्चेत नेहमी निसटणारा एक धागा म्हणजे नोंद करण्याचे तंत्र. माहिती पसरवण्याइतकेच ती पकडून ठेवण्याचे साधनही समाज हलवते. १ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूलवर भाषण केले. पोलिसांचे लघुलेखक ते टिपून घेत होते. बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांच्या या टिपणांवरून सरकारने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना टिळकांच्या वतीने उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला. न्यायालयाची भूमिका अशी होती की सुटी वाक्ये वेचू नयेत, भाषण संपूर्ण वाचून त्याचा एकंदर परिणाम पाहावा. तेव्हाचा लघुलेखक सरकारचा होता. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे. पण आजच्या नोंदीचा सुरुवातीचा क्षण मोबाइल काढणारा ठरवतो, आणि शेवटचा क्षण ती पुढे पाठवणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, उलट तक्रारही दाखल झाली, आणि काही तासांत या घटनेच्या चित्रफिती दोन्ही राज्यांत फिरल्या. त्यानंतर महाराष्ट्राच्या बसचालकाला कर्नाटकात आणि कर्नाटकाच्या बसला महाराष्ट्रात त्रास झाला, आणि दोन्हीकडची बससेवा काही दिवस बंद पडली. बसमध्ये वादाआधी काय घडले याची चौकशी पोलीस करतील, तोपर्यंत थांबा, असे सांगणाऱ्याचा आवाज त्या फितींपेक्षा मंद होता. निपाणीहून कागलला आणि कोगनोळीहून कोल्हापूरला रोज कामाला, कॉलेजला, दवाखान्याला जाणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली.

छापील जगाने अशा गोंधळावर एक साधा उपाय शोधला होता. १८६७ च्या कायद्याने भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे सक्तीचे केले. सरकारचा हेतू लोकांवर नजर ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तरी त्यातून एक सवय रुजली : मजकुराला मालक असतो. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातही छापखान्याचे नाव असते, आणि निवडणुकीच्या हँडबिलावर ते नसले तर गुन्हा होतो. बातमी चुकली तर कोणाच्या दारात जायचे हे वाचकाला ठाऊक होते, आणि वाचक दारात येऊ शकतो हे संपादकाला ठाऊक होते. फॉरवर्ड केलेल्या मजकुराला असा कोपराच नाही. तो ज्याच्याकडून आला तो आपला मेहुणा किंवा गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी असतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. आणि ज्याने तो मुळात तयार केला त्याचे नाव कोणालाच माहीत नसते. विश्वास ओळखीच्या माणसाचा आणि मजकूर अनोळखी माणसाचा, हे मिश्रण याआधीच्या कोणत्याही माध्यमात इतक्या प्रमाणात नव्हते.

त्याचे परिणाम २०१८ मध्ये दिसले. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत देशभर फिरत होती. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेली होती, आणि तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात व पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या प्रतीत हा शेवट कापलेला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, या अफवेला अशा फितींनी पुरावा पुरवला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि पंधरवड्याच्या आत कर्नाटकात बीदर जिल्ह्यात मुलांना चॉकलेट देणाऱ्या प्रवाशांवर हल्ला होऊन एकाचा जीव गेला. अफवा शंभर वर्षांपूर्वीही होत्या. प्लेगच्या काळात तर त्यांना ऊत आला होता. पण तेव्हा अफवा ऐकणारा ‘कोण म्हणाले?’ असे विचारू शकत होता. इथे डोळ्यांनी पाहिले असे वाटत होते. या घटनांनंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त चॅटमध्ये पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. मजकुराला मालक मिळाला नाही, फक्त वेग कमी झाला. तरी वेग कमी करणे हाही चाळणीचाच एक प्रकार आहे.

मालक शोधण्याचा प्रयत्न सरकारने २०२१ च्या नियमांत केला. संदेश पहिल्यांदा कोणी पाठवला हे कंपनीने सांगावे असे त्यात आहे, आणि तसे केल्यास सर्वांच्याच खाजगी संभाषणाचे कुलूप मोडावे लागेल असे म्हणत व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १८६७ चा कायदा अफवा आणि टीका दोहोंना एकाच दोरीने बांधत होता, आणि नवा नियमही तेच करू शकतो. इंटरनेट बंद करणे हा त्याहून सोपा आणि त्याहून भोंगळ उपाय, कारण त्याने अफवेबरोबर तिचा खुलासाही थांबतो, आणि भाजीवाल्याचे स्कॅन करून पैसे घेणेही.

सीमाभागाची अडचण आणखी एका पदराची आहे. एकाच गल्लीत राहणारे, एकाच हॉटेलात चहा पिणारे दोन शेजारी वेगवेगळ्या ग्रुपमध्ये असतात. एकात मराठी मजकूर येतो, दुसऱ्यात कन्नड. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याची चित्रफीत पसरली आणि त्यापाठोपाठ बेळगावात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णा या कन्नड वीराच्या पुतळ्याची मोडतोड झाली, तेव्हा एका ग्रुपमध्ये पहिली घटना तापत होती आणि दुसऱ्यात दुसरी. ज्या शेजाऱ्याने आपल्याइतकाच संताप अनुभवला होता, त्याचा संताप कशाबद्दल आहे हे समजायला मार्गच नव्हता. छापील काळात चौकातल्या पेपरवाल्याकडे दोन्ही भाषांची वर्तमानपत्रे शेजारी लटकत, आणि वाचता आले नाही तरी दुसऱ्याकडे आज काय मोठे झाले आहे हे मथळ्यांच्या आकारावरून कळत असे.

दुसऱ्या भाषेतला मजकूर आता मोबाइलवर आपोआप भाषांतरित होऊन वाचता येतो, पण भाषांतराची सोय असणे आणि दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये आपल्याला प्रवेश असणे यांत अंतर आहे. ते अंतर आज गावात मिटवणारी माणसे थोडी आहेत : दोन्ही भाषा येणारे शिक्षक, दोन्हीकडे घरचे म्हणून जाणारे डॉक्टर, ग्रामपंचायतीत दोन्ही गटांशी बोलणारा एखादा सदस्य, ऊस किंवा दूध गोळा करताना दोन्ही घरांची हिशेबाची वही सांभाळणारा माणूस. तापलेल्या रात्री त्यांच्याकडे फोन येतात, आणि ते दुसऱ्या ग्रुपमधले स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, अहो, तिकडे हे असे चालले आहे, तुमच्याकडे काय आले आहे?